धर्मग्रामाची शाळा सातवीवरून दहावीपर्यंत न्यायची आहे (वसई) – जागा, कागद, पैसा

वाडीवाला

वसई पश्चिमेच्या एका धर्मग्रामासाठी (पॅरिशसाठी) विचारतोय. पहिली ते सातवी इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, अनुदान नाही. सातवी झाली की पोरं पांगतात, निम्मी स्टेशनकडच्या शाळांत जातात. पॅरिश कौन्सिलने आठवी ते दहावी कॅथलिक हायस्कूल काढायचं ठरवलंय. प्रत्येकी एक तुकडी, ४० मुलं. चर्चशेजारी सव्वा एकर जागा आहे. त्यातले आठ गुंठे एक कुटुंब द्यायला तयार आहे, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे.

वेगळा ट्रस्ट काढावा की आहे त्याच ट्रस्टने अर्ज करावा? अल्पसंख्याक दर्जा आधी की परवानगी आधी? फी किती ठेवावी लागेल? आणि कौन्सिलमधल्या काहींचं म्हणणं, आठवीचा वर्ग या जूनपासून बसवून टाकू, कागद मागून येतील. किस्से नकोत मंडळी, कागद आणि आकडे सांगा.

फाइलवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. जूनपासून वर्ग बसवू नका.

आठवी-नववी कशीबशी निघते, कारण तोवर कोणी बाहेरचं बघत नाही. गाठ पडते दहावीला. बोर्डाचा सांकेतांक परवानगी असल्याशिवाय मिळत नाही आणि सांकेतांक नसेल तर परीक्षेचे फॉर्म भरता येत नाहीत. यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तुमच्या शाळेत आठवी हा वर्गच दिसत नसतो, म्हणून मुलांची नावं तिथे चढत नाहीत. मग दोनच वाटा उरतात. शेजारच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला मुलं कागदोपत्री घाला, म्हणजे सरळ खोटं करा. नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी बसवा. शाळेच्या पहिल्याच बॅचला १७ नंबर लावलात तर दुसऱ्या वर्षी आठवीला कोण येणार?

आता रस्ता. महाराष्ट्रात नवी शाळा किंवा दर्जावाढ स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, २०१२ खाली होते. तुमची केस दर्जावाढीची आहे, नव्या शाळेची नाही, हे अर्जाच्या पहिल्या ओळीत स्पष्ट करा. अर्ज ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन करायचा, तपासणी, मग इरादापत्र, त्यातल्या अटी पुऱ्या केल्या की अंतिम परवानगी. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे. पुष्कळ संस्था इरादापत्र हातात पडलं की बोर्ड रंगवतात आणि तिथेच फसतात. जमिनीचं किमान क्षेत्र आणि मुदत ठेवीची रक्कम चालू नियमांतून बघा. दुसऱ्या संस्थेची जुनी फाइल समोर ठेवून आकडे उचलू नका, या अधिनियमात नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत.

आणि हे लक्षात ठेवा की या कायद्याखाली आलात म्हणजे अनुदान विसरा. "आज ना उद्या अनुदानावर येऊ" हे वाक्य कौन्सिलच्या इतिवृत्तातसुद्धा नको.

पीटीआर_उतारा

फाइलवाल्यांशी सहमत. पण अर्जाच्याही आधीची गोष्ट म्हणजे शाळा कोणाची? पुढच्या प्रत्येक कागदावर जे नाव येणार ते आज ठरवावं लागतं.

तुमच्याकडे तीन पर्याय दिसतात. धर्मग्रामाचा सार्वजनिक ट्रस्ट, धर्मप्रांताची शिक्षणसंस्था, किंवा धर्मभगिनींचा संघ. चौथा पर्याय, म्हणजे उत्साही मंडळींनी काढलेला नवा ट्रस्ट, कौन्सिलला नेहमी आवडतो. तो टाळा, कारण जागा. चर्चची जागा चर्चच्या ट्रस्टची. शाळा दुसऱ्या ट्रस्टची झाली की जागा भाडेपट्ट्याने द्यावी लागेल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शाळेला तीन वर्षांचा पट्टा चालत नाही, लांबचाच लागतो. म्हणजे एक पूर्ण प्रकरण वाढलं. देणारा ट्रस्ट चर्चचा आणि घेणाराही आपलाच म्हणून सूट नाही. शिवाय कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे, बिशपांच्या कार्यालयाची परवानगी निराळी.

सातवीपर्यंतची शाळा ज्या ट्रस्टच्या नावावर आहे त्याच ट्रस्टने दर्जावाढ मागितली तर हे सगळं टळतं. आज एकच काम करा. ट्रस्टचा पीटीआर (सार्वजनिक विश्वस्त नोंदवही) उतारा, म्हणजे शेड्युल वन, काढा आणि विश्वस्तांची नावं वाचा.

वाडीवाला

धन्यवाद. उतारा मागवतो. कौन्सिलमध्ये नव्या ट्रस्टचा आग्रह धरणारे म्हणतात की फादर दर काही वर्षांनी बदलतात, शाळेला सातत्य लागतं.

पीटीआर_उतारा

मुद्दा खोटा नाही, पण त्यावरचा इलाज नवा ट्रस्ट हा नाही. ट्रस्टच्याच खाली शाळा समिती नेमता येते, तिथे सामान्य माणसं बसवा. खाजगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१ मध्ये शाळा समितीची रचना दिलेली आहे. शिक्षकांचा प्रतिनिधी त्यात सेवाज्येष्ठतेप्रमाणे असतो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. सातत्य या समितीने राखायचं.

कॅनन_लॉ_वाला

"कॅथलिक" या शब्दाबद्दल. १९८३च्या संहितेचा कॅनन ८०३ स्पष्ट आहे. चर्चचा अधिकारी किंवा चर्चची अधिकृत संस्था शाळा चालवत असेल, किंवा चर्चच्या अधिकाऱ्याने लेखी मान्य केलं असेल, तर ती कॅथलिक शाळा. आणि प्रत्यक्षात कॅथलिक असली तरी बिशपांच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेने ते नाव लावायचं नाही. चार कॅथलिक पालकांनी पवित्र हेतूने काढलेली शाळाही या व्याख्येत आपोआप बसत नाही. तेव्हा कौन्सिलचा ठराव, फादरांचं शिफारसपत्र, बिशपांचं लेखी संमतीपत्र, हा क्रम. संमतीपत्रात ट्रस्टचं नाव, इयत्ता आणि माध्यम लिहून घ्या. "शाळेस आशीर्वाद" एवढंच लिहिलेलं पत्र फ्रेम करायला छान, फाइलला निरुपयोगी.

धर्मभगिनींना शाळा चालवायला बोलावणार असाल तर कॅनन ६८१ प्रमाणे बिशप आणि संघाच्या वरिष्ठ सिस्टर यांच्यात लेखी करार हवा. काम कोणतं, किती सिस्टर देणार, पैशाचं काय, हे तीनही त्यात यायला हवं. करारात मी आणखी दोन गोष्टी घालीन. संघाने सिस्टर परत बोलावल्या तर किती महिन्यांची पूर्वसूचना द्यायची, आणि इमारतीत संघाने घातलेल्या पैशाचं पुढे काय. या दोन ओळी नसल्या की भांडण कॉन्व्हेंटच्या दुरुस्तीवरून सुरू होतं आणि शाळेच्या चाव्यांवर जातं.

सातबारा_८अ

आठ गुंठ्यांकडे कोणी बघतच नाहीये! ती शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला विक्रीनेच काय, बक्षीसपत्रानेही जात नाही. ट्रस्ट शेतकरी नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी तरी हवी, नाहीतर आधी बिगरशेती झालेली हवी. नुसतं "आम्ही चर्चला दिली" म्हणून स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं काही उपयोगाचं नाही. स्थावराचं बक्षीसपत्र नोंदणीकृतच लागतं.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. इतर हक्कात बहिणींची नावं आहेत का ते बघा, कारण देतो म्हणणारा एक भाऊ असतो आणि सही लागते सगळ्यांची. खातेदार आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. पालघर जिल्ह्यात हे प्रत्येक गटाला तपासायचं, अपवाद नाही. जुने फेरफार मागे जाऊन वाचा, आजच्या सातबाऱ्यावर सगळं दिसत नाही.

बक्षीसपत्रात अट घालू देऊ नका. "आमच्या घराण्यातील मुलांना कायम मोफत प्रवेश" असली ओळ पन्नास वर्षांनी शाळेच्या मानगुटीवर बसते. नावाची पाटी लावा हवी तर.

बावखल

सव्वा एकरात बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आहे का? असेल तर बुजवून मैदान करायचा मोह आवरा. पावसाचं पाणी त्यातच उतरतं. बुजवलंत की जुलैत तेच पाणी वर्गात येतं आणि शेजारच्या वाडीत शिरतं, आणि मग गावात शाळेविरुद्ध पहिला अर्ज तिथून पडतो. कठडा बांधा, जाळी टाका, ठेवा. जोत्याची उंची ठरवताना रस्त्याकडे बघू नका, रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो. मागच्या मोठ्या पुराची खूण आसपासच्या घरांच्या भिंतीवर सापडते, तिच्यावर जोतं घ्या.

ओळंबा

बांधकामाचे आकडे देतो. ४० मुलांचा वर्ग, मुलामागे १.२ चौरस मीटर धरा, ४८ चौरस मीटर होतो, म्हणजे साधारण २० बाय २६ फूट. तीन वर्ग, एक प्रयोगशाळा, एक संगणक-ग्रंथालय, शिक्षकखोली, कार्यालय. प्रयोगशाळा वर्गापेक्षा मोठी घ्या आणि तळमजल्यावर घ्या, पाणी आणि सांडपाणी सोपं जातं. २० मुलांच्या दोन गटांत प्रात्यक्षिक घेतलंत तर साहित्याचे १० संच पुरतात.

जिना राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे शाळेला किमान दीड मीटर रुंद. एक नाही, दोन जिने, आणि दोन्ही टोकांना. दुसरा जिना सायकली ठेवायला वापरतात, तो मोकळा ठेवणं ही शिपायाची नव्हे, मुख्याध्यापकांची जबाबदारी. तमिळनाडूत कुंभकोणमला २००४ साली शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या छपराची आग, वर गवती छप्पर, आणि अरुंद बाहेर पडायची वाट. पावसाळी शेड म्हणून झावळ्यांचा मांडव वर्गाला टेकवू नका. अग्निसुरक्षेच्या कायद्याखाली परवानाधारक एजन्सीचा 'ब' नमुना (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. एकदा ना हरकत आली की झालं, असं नाही.

पाणी : दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर. १२० मुलं आणि १० कर्मचारी म्हणजे रोज ५,८५० लिटर. ६,००० ची टाकी घेऊ नका, एक दिवस पाणी आलं नाही की शाळा सोडावी लागते. दोन दिवसांचा साठा ठेवा. स्वच्छतागृहं ४० मुलांमागे एक युनिट. ६० मुली, ६० मुलगे असतील तर दीड येतं, दोन-दोनच बांधा. मुलींच्या बाजूला पॅडची विल्हेवाट आणि आतून लागणारी कडी. ही कडी तपासणीला कोणी बघत नाही, मुलींच्या हजेरीत मात्र दिसते.

हिशेबनीस

फीचा प्रश्न बाजूलाच राहिला. खाली मी धरलेले आकडे आहेत, तुमचे घालून बघा.

आठवड्याला वर्गामागे ४५ तासिका, तीन वर्ग, १३५ तासिका. शिक्षकाला २७ धरल्या तर पाच शिक्षक. इंग्रजी, मराठी-हिंदी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र. कला आणि शारीरिक शिक्षण सातवीपर्यंतच्या शिक्षकांबरोबर वाटून घ्या. वेतनश्रेणीप्रमाणे एका शिक्षकाला सगळं धरून महिना ६०,०००, म्हणजे वर्षाला ३६ लाख. मुख्याध्यापक ७५,००० ने ९ लाख. लिपिक आणि शिपाई प्रत्येकी ३५,००० ने ८.४ लाख. वीज, दुरुस्ती, प्रयोगशाळा, विमा, ऑडिट मिळून ६ लाख. एकूण ५९.४ लाख, भागिले १२०. मुलामागे वर्षाला ४९,५००. महिना ४,१२५.

तुमच्या धर्मग्रामात महिना २,००० झेपते असं समजू. उत्पन्न २८.८ लाख. तूट ३०.६ लाख, दरवर्षी.

आता कोणी म्हणेल दोन तुकड्या करा. करून बघितल्या कागदावर. दहा शिक्षक ७२ लाख, मुख्याध्यापक ९, तीन शिक्षकेतर १२.६, इतर ९. एकूण १०२.६ लाख, मुलं २४०, मुलामागे ४२,७५०. फारसं उतरलं नाही, कारण खर्चाचा मोठा वाटा शिक्षक आहेत आणि ते तुकडीबरोबर वाढतात. पहिल्या वर्षी फक्त आठवी असेल तेव्हा तर आणखी वाईट. ४० मुलांची फी आणि मुख्याध्यापक-लिपिक-शिपाई पूर्ण. पहिल्या दोन वर्षांची तूट इमारतीच्या अंदाजपत्रकातच घाला. इमारतीला पैसे जमतात, पगाराला जमत नाहीत. कोनशिला पगाराची नसते ना.

खरं_बोलू

६०,००० कोण देतो हो? विनाअनुदानित शाळांत २०-२५ हजारांवर बाई शिकवतात. त्या हिशेबाने बघा, शाळा चालते.

कायदेपंडित_नाही

देत नाहीत म्हणून कायदा बदलत नाही. खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ चं वेतन मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, अनुदान असो नसो. सही ६० वर आणि हातात २५, हा प्रकार केलात तर ज्या दिवशी एक शिक्षिका बाहेर पडेल त्या दिवशी सगळी थकबाकी उभी राहते. ग्रॅच्युइटीही शिक्षकांना लागू आहे, १९९७ पासून मागे धरून. आणि चौकशीशिवाय काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. कॅथलिक शाळेने सामाजिक न्यायावर धर्मशिक्षणाचा धडा घ्यायचा आणि मस्टरवर हे करायचं, शोभत नाही एवढं म्हणतो.

अल्पसंख्याक शाळेला याच कायद्यात एक खरी सवलत आहे. कलम ३(२) प्रमाणे मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन जणांच्या भरतीला हा अधिनियम लागू होत नाही, पण त्यांची नावं संचालक किंवा उपसंचालकांना कळवलेली हवीत. कळवायचं राहतं आणि नंतर सवलत सांगता येत नाही. आणि ही सवलत भरतीपुरती आहे, काढून टाकण्यापुरती नाही. पात्रतेचं म्हणाल तर मुख्याध्यापक पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव असलेलाच घ्या. फादर आहेत म्हणून बी.एड. नसलेले फादर बसवले की बोर्डाच्या प्रत्येक सहीला प्रश्न येतो.

हिशेबनीस

@खरं_बोलू, २५ हजारांनी धरलं तर फी उतरते हे बरोबर, पण गणित-विज्ञानाचे शिक्षक क्लासवाले नेतात आणि नोव्हेंबरात नववीला विज्ञानाला कोणी नसतं. पैसा वाचतो तो इथे जातो.

तूट भरायच्या जागा : आठवी-दहावीच्या इमारतीत संध्याकाळी धर्मग्रामाचे वर्ग, हॉलचं भाडं, माजी विद्यार्थी, आणि परदेशातली मंडळी. शेवटच्या गोष्टीत सांभाळा. कुवेत-दुबईला नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो तेव्हा ते परकीय योगदान धरत नाहीत. कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेला तुमचा चुलतभाऊ मात्र परकीय, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. त्याला एफसीआरए (परकीय योगदान कायद्याची) नोंदणी लागते, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे धर्मप्रांताच्या संस्थेकडे नोंदणी आहे म्हणून तिथे घेऊ आणि आपल्या ट्रस्टला वळवू, हे बंद. नवा ट्रस्ट काढलात तर तीन वर्षं जुना आणि तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेला असल्याशिवाय नोंदणीच नाही. पुन्हा तेच, नाव कोणाचं.

खडूफळा

पालकांकडून "बिल्डिंग फंड" घेणार असाल तर प्रवेशाशी त्याचा वास येऊ देऊ नका. प्रवेशाच्या टेबलावर पावतीपुस्तक ठेवलंत की ते कॅपिटेशन फी होतं, १९८७ चा कायदा आहे. देणगी रविवारी मिस्सानंतर चर्चच्या कार्यालयात, सगळ्या धर्मग्रामाकडून, मूल शाळेत असो नसो. रोख २,००० च्या वर असेल तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, आधीच सांगा.

फी शाळेने एकटीने ठरवायची नसते. शुल्क विनियमन अधिनियम, २०११ प्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ, त्यातून सोडतीने कार्यकारी समिती, पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी तिच्यासमोर, आणि ठरलेली फी दोन वर्षं बांधील. सोडत म्हणजे खरोखर चिठ्ठ्या टाका. फादरांनी सुचवलेली नावं "बिनविरोध" घातली की नंतर सगळा ठरावच वादात सापडतो. समितीला हिशेबनीसांचा वरचा तक्ता दाखवा, लपवू नका. २,००० वरून २,४०० मागायचे तर ४,१२५ चा आकडा त्यांच्यासमोर असलेला बरा.

वाडीवाला

अल्पसंख्याक दर्जाचं कोणी बोललं नाही. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून सूट मिळते म्हणून कौन्सिलला तो आधी हवा आहे.

कायदेपंडित_नाही

आठवी ते दहावीला तो प्रश्नच नाही. २५ टक्के प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतात, पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला. प्रमती खटल्यात २०१४ ला घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही म्हटलं, त्याचा उपयोग तुमच्या पहिलीला. आणि सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात तोच प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलाय, तेव्हा सगळी मांडणी त्यावर उभी करू नका. आठवी अजून प्राथमिकमध्येच मोडते, म्हणून आठवीला शिकवणारा शिक्षक टीईटीवालाच (शिक्षक पात्रता परीक्षा झालेलाच) घ्या. सूट मिळाली तरी नुकसान नाही.

दर्जा घ्यायचा तो घटनेच्या कलम ३०(१) खाली शाळा चालवायचा हक्क, मुख्याध्यापक निवडायचा हक्क, आणि ३(२) ची सवलत यासाठी. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून किंवा राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडून. आयोग मूळ अर्जही ऐकू शकतो हे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयात ठरलंय. अर्ज ट्रस्टच्या घटनेवर तोलला जातो. उद्दिष्टांत "ख्रिस्ती समाजाच्या, विशेषतः कॅथलिकांच्या शिक्षणासाठी" असं काही आहे का? नुसतं "समाजाच्या सर्वांगीण उन्नतीसाठी" असेल तर आधी घटनादुरुस्ती.

फाइलवाला

भर घालतो. आयोगाच्या कायद्यात शाळा काढायच्या ना हरकतीला ९० दिवसांत उत्तर आलं नाही तर ती मिळाली असं धरतात. ते खरं, पण त्या गृहीत ना हरकतीवर यूडायस, सांकेतांक यातलं काही सुटत नाही. ती न्यायालयात कामाला येते, खिडकीवर नाही.

आजीबाई

मराठी माध्यमाचा विचार केलात का कोणी? घरी कादोडी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा, आणि शाळेत गणित इंग्रजीत.

खडूफळा

आजीबाई, सातवीपर्यंत इंग्रजी झालेली मुलं आठवीला मराठीत वळवणं क्रूर आहे. पण मुद्दा घ्या. २०२० च्या कायद्याने मराठी विषय सगळ्या मंडळांच्या शाळांना सक्तीचा आहे, तेव्हा मराठीला पूर्णवेळ शिक्षक ठेवा. "हिंदीच्या बाई घेतील" असं नको, दहावीला मराठीचे ८० गुण लेखी आहेत. विज्ञानाचे २० प्रात्यक्षिकाचे, ते आठवीपासून वहीत दिसायला हवेत. दहावीच्या जानेवारीत एका आठवड्यात लिहिलेली प्रयोगवही बाहेरून आलेल्याला लांबून ओळखू येते, सगळीकडे एकच पेन.

कॅनन_लॉ_वाला

धर्मशिक्षणाच्या तासिकेबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो. धर्मशिक्षक बिशपांनी नेमलेला किंवा मान्य केलेला हवा, कॅनन ८०५. आणि घटनेचं कलम २८(३) : मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षणाला बसायला मुलाच्या पालकाची संमती लागते. म्हणून प्रवेश अर्जात वेगळी ओळ आणि वेगळी सही. बाकीच्या मुलांना त्याच वेळी नीतिमूल्यांचा खरा तास द्या, ग्रंथालयात नुसतं बसवून ठेवू नका. तासिका सकाळची पहिली ठेवा. शेवटची ठेवली की बिगरख्रिस्ती मुलं घरी जातात आणि ख्रिस्ती मुलांना ती शिक्षा वाटते.

बालसुरक्षेचंही सुरुवातीलाच करा. पोक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं सक्तीचं आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर कलम २१ खाली वर्षापर्यंत कैद. धर्मप्रांताची अंतर्गत चौकशी समिती याला पर्याय नाही, फादरांबद्दल असो की शिपायाबद्दल. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती), सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, स्कूल बसच्या अटेंडंटसकट.

वाडीवाला

पीटीआर उतारा आला. विश्वस्त म्हणून जे फादर दिसतायत ते दोन बदल्यांपूर्वीचे आहेत. मधल्या फादरांचं आणि आताच्या फादरांचं नावच नाही. अर्जावर सही कोण करणार?

पीटीआर_उतारा

वाटलंच. म्हणून सगळ्यात आधी उतारा काढायला सांगितला. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, तो 'चेंज रिपोर्ट' दोन्ही वेळा राहिलाय. आता थेट आजच्या फादरांचं नाव चढत नाही, साखळी तुटते. आधी जुने फादर ते मधले फादर, हा पहिला रिपोर्ट. मग मधले ते आताचे, हा दुसरा. दोन्हींसोबत बिशपांच्या कार्यालयाची बदलीची पत्रं, मूळ तारखेची, आणि उशीर माफ करायचा अर्ज. मधल्या फादरांची संमती आणि प्रतिज्ञापत्र लागेल, ते कुठल्या धर्मग्रामात आहेत ते आजच शोधा. बँकेत, महापालिकेच्या घरपट्टीत, सातवीपर्यंतच्या शाळेच्या कागदांवर कोणाच्या सह्या चालल्यायत तेही पाहून ठेवा, तिथे तिसरंच नाव निघू शकतं.

सातबारा_८अ

आणि तोवर आठ गुंठ्यांचं बक्षीसपत्र करू नका. घेणारा म्हणून सही करायला ट्रस्टकडे आज अधिकृत माणूसच नाही.